पूर्वेची खिडकी

चौऱ्याहत्तर साली शांतवन पुढे आला,
ग्रिम्सबीच्या बर्फाच्या कारखान्यात लागला,
आणि मी जालन्याला, मिशन कंपाउंडात,
चौदा महिने एका पत्रावर जगले.

निळं, घडीचं, राणीचा मुखडा छापलेलं:
"खोली बघून ठेवली आहे. खिडकी पूर्वेला.
कागद झाले की न्यायला येतो."
तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं मी ते.
वाचायला काढलं की
हातांना बोरिक पावडर लागायची.

नळावर सुमित्राबाई ओहोळ विचारायच्या,
"अजून बोलावणं नाही का गं?"
तोंडात साखर, डोळ्यांत दुसरंच काही.
येईल, म्हणायचे, आणि कळशी उचलायचे.
खोटं नव्हतं ते.
न पाहिलेल्या त्या खोलीत
मी केव्हाच राहायला गेले होते.
खाट कुठे, स्टोव्ह कुठे,
सकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर उतरेल,
सगळं लावून झालं होतं.
जालन्याचं पत्र्याचं छप्पर तेव्हा गळत होतं.
कुरकुरल्याचं मला आठवत नाही.

खरं सांगायचं तर
खिडकी पूर्वेला नव्हतीच.
उत्तरेला होती, मासळीच्या शेडकडे,
आणि काचेला वर्षातले आठ महिने ओल.
पहिल्या सकाळी मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं.
"मला वाटलं, हीच पूर्व," तो म्हणाला,
"सूर्य भेटला असता तर विचारलं असतं."
यावर आम्ही एकेचाळीस वर्षं हसलो.

पण मधली सगळी वर्षं हसण्याची नव्हती.
नणंदेने औरंगाबादला दुसरा मजला चढवला
तेव्हा मी प्रभूशी तीन आठवडे
धड बोलले नाही.
आणि कारखाना बंद झाला त्या रात्री
शांतवनने जेवणाआधीची प्रार्थना
रोजच्याएवढीच केली, रोजच्याच आवाजात,
मी मात्र डोळे उघडे ठेवून
पातेल्यातली डाळ मोजत होते.
तेव्हा तो म्हणाला, "इंदुमती,
तू पत्रावर जगलेली बाई.
विसरलीस?"

विसरले होते.

आता तो पुन्हा पुढे गेला आहे.
सात वर्षं होतील या इस्टरला.
या खेपेला खोली त्याने बघितलेली नाही,
हे एका परीने बरंच.
बघणारा दुसरा आहे.
ज्याने पूर्व पूर्वेला ठेवली
तो खिडकीत चुकायचा नाही,
आणि त्याने न्यायला येतो म्हटलं आहे,
ते कुणा एकट्या इंदुमतीला नाही,
त्यात सुमित्राबाईही आल्या, नणंदही,
यावर मी अलीकडे विचार करते
आणि थोडी लाजते.

शेजारची डोरीन चहाला येते.
"एकटीला थंड पडत असेल हे घर.
मुलाकडे ब्रिस्टलला का नाही जात?"
बोलावणं येईल, मी म्हणते.
ती समजते, मुलाचं.
मी दुरुस्त करत नाही.

रविवारी चॅपलमध्ये आम्ही नऊ जण, हीटर एक.
ज्याचे गुडघे जास्त दुखतात
त्याला त्या बाजूची खुर्ची.
येताना गोदीवरून वारा अंगावर येतो,
मिठाचा, डिझेलचा, जुन्या माशांचा,
मी डोक्यावरून पदर घेते
आणि सगळ्या सिगल पक्ष्यांना सलाम करते.
वेड लागलंय म्हणतील. म्हणू देत.

घरी आल्यावर काच पुसते.
मीटरमध्ये चार पौंड आहेत,
डब्यात तांदूळ आहे,
तांदळात ते पत्र अजून आहे,
घडीवर फाटलेलं,
"पूर्वेला" हा शब्द नेमका फाट्यात गेलेला.

पुरतं मला.
तेव्हा माणसाचं वचन चौदा महिने पुरलं होतं,
तेही खिडकी चुकलेलं.